मदत हवी आहे: अबटमेंटवरच्या बोन कंडक्शन यंत्रात ४००० हर्ट्झचा थ्रेशोल्ड जुळत नाही

हे यंत्र कवटीत रोवलेल्या खुंटीवर (अबटमेंट) बसतं आणि आवाज कंपनांनी हाडावाटे आतल्या कानात पोचवतं. प्रौढ रुग्ण, दोन्ही कानांत मिश्र श्रवणदोष (बाहेरच्या किंवा मधल्या कानाचा आणि आतल्या कानाचा दोष एकत्र). ऑडिओमीटरवर हाडावाटेचे थ्रेशोल्ड (ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज) ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झला अनुक्रमे २५, ३०, ४०, ४५ डेसिबल. अबटमेंटभोवतीची त्वचा निरोगी. सॉफ्टबँडवर (यंत्र त्वचेवर दाबून धरणारा डोक्याचा पट्टा) त्वचेमुळे उच्च स्वर दबतात, म्हणून तिथलं जुनं सेटिंग न घेता फिटिंग नव्याने केलं.

प्रोसेसरमधूनच (अबटमेंटवर अडकवायचा यंत्राचा भाग) थ्रेशोल्ड मोजले तर ४००० ला ६० येतो, बाकीचे जवळपास तेच. त्वचा मध्ये नसताना उलट सुधारायला हवा होता! ऑडिओमीटरच्या व्हायब्रेटरचा हवेतून फुटणारा आवाज हे कारण पटत नाही; हवेवाटेचे थ्रेशोल्ड ७५ च्या पुढे आहेत.

शिवाय २००० च्या वर गेन (आवाजाची वाढ) ४ डेसिबल वाढवला की शिट्टी वाजते. प्रोसेसर काढून हातात धरला की थांबते, म्हणजे आतला बिघाड नसावा. कानाची पाळी, केस, चष्म्याची दांडी कुठेच टेकत नाही. खाचेतला कचरा साफ केला, तरी तेच.

अबटमेंटचा स्क्रू ढिला असल्याचा संशय आहे. सर्जनकडून टॉर्क रेंचने २५ न्यूटन-सेंटीमीटरला तपासून घेईपर्यंत गेन तसाच ठेवावा का? घट्ट केल्यावर फक्त फीडबॅक (शिट्टी) मापन पुन्हा पुरेल, की थ्रेशोल्डही नव्याने घ्यावेत? कमाल आउटपुट कमी करायची इच्छा नाही, या यंत्रांत डायनॅमिक रेंज (थ्रेशोल्ड ते कमाल आउटपुट यातलं अंतर) आधीच तोकडी असते.

स्वतःचा आवाज घुमतो अशीही तक्रार आहे. ५०० च्या खाली गेन किती कापता?