मदत हवी आहे: दादाचं गोल्फ, माझी द्राक्षं आणि दक्षिण आफ्रिकेचा किनारा

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. खायची नव्हे, वाइनची. सगळी शेनिन ब्लाँ, म्हणजे पांढऱ्या वाइनची जात, एका वाइनरीशी करार केलेली. माझा मोठा भाऊ तोफखान्यातून निवृत्त झाला. शेवटची काही वर्षं देवळालीला होता, तिथे त्याला गोल्फचा नाद लागला तो कायमचा. यंदा तो साठीचा होतोय आणि त्याला मी फिरायला न्यायचं ठरवलं आहे. दोघं भाऊ एवढे मोठे झालो, पण लग्नकार्य सोडून कधी कुठे बरोबर गेलेलो नाही.

कारण सांगतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा आमची बाग अक्षरशः आडवी झाली होती. मी ती मोडायलाच निघालो होतो. दादाने फंडातून पैसे काढून पाठवले आणि फोनवर एवढंच म्हणाला, "खोडं राहिलीत ना? मग बाग राहिली." ते पैसे त्याने परत घेतले नाहीत, विषयही काढू देत नाही. तेव्हा ही सहल माझ्याकडून.

त्याला गोल्फ, मला द्राक्षं, दोघांच्या घरच्यांना समुद्र. तिन्ही एका रस्त्यावर कुठे मिळतं हे बघता बघता केपटाऊनवर येऊन थांबलो. द्राक्षबागांचं स्टेलनबॉश, मग हर्मानस, मॉसेल बे, जॉर्ज, नाइज्ना असा, बराचसा एन-टू महामार्गाने जाणारा रस्ता. तिथे गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, हेही मनात होतं. नाशिकच्या एका ट्रॅव्हलवाल्याने सात दिवसांत जोहान्सबर्ग, सन सिटी, सफारी आणि केपटाऊन असं पत्रक हातात ठेवलं. गोल्फ एक दिवस, तोही "वेळ उरल्यास". ते मी परत दिलं. आता आपणच आखायचं ठरवलंय आणि तिथेच अडलोय.

पहिली अडचण वेळेची. तिकडे दक्षिण गोलार्ध, म्हणून सगळे सांगतात की जानेवारी ते मार्चमध्ये जा, ऊन छान, वारा कमी-जास्त, द्राक्षांची तोडणी बघायला मिळेल. पण आमची तोडणीही तेव्हाच! आपण उत्तर गोलार्धात असलो तरी एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), सप्टेंबरला गोडी छाटणी (फळासाठी) आणि जानेवारीच्या शेवटापासून तोडणी असं आपलं चक्र. केपमधल्या पहिल्या वाइनची नोंद २ फेब्रुवारी १६५९ ची आहे, तिथली डच वसाहत वसवणाऱ्या यान व्हान रिबेकच्या रोजनिशीतली. त्या तारखेला मी दर वर्षी बागेत ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजत असतो. साखर पुरेशी भरली की वाइनरीचा फोन येतो आणि दोन दिवसांत पहाटेची तोडणी लावावी लागते. तेव्हा घर सोडणं शक्यच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला डावणी या बुरशीरोगाची भीती, एप्रिल-मे खरड आणि सबकेन, म्हणजे शेंडा मारून पोटकाड्या काढणं. उरतात जुलै-ऑगस्ट. तिकडे तेव्हा हिवाळा, आणि केपटाऊनकडचा पाऊस हिवाळ्यातच पडतो. गोल्फचं काय होईल?

दुसरी अडचण दादाच्या गुडघ्याची. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिलीय, पण कार्ट, म्हणजे मैदानातली छोटी गाडी, घेऊन. तो रोज संध्याकाळी ओट्यासमोर अंगणात स्टीलचा पेला आडवा ठेवतो आणि त्यात पुटिंग करत बसतो. चेंडू पेल्यात गेला की टण्ण असा आवाज येतो, आणि आतून वहिनी मोजते. काल एकोणीस झाले होते. मला वाटतं एवढ्या तयारीच्या माणसाला दोन-तीन चांगली कोर्स, म्हणजे गोल्फची मैदानं, मिळायलाच हवीत. जॉर्जचं फॅनकोर्ट हे गोल्फ रिसॉर्ट त्याच्या मनात फार वर्षांपासून आहे. तिथल्या लिंक्स कोर्सवर २००३ चा प्रेसिडेंट्स कप, म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप सोडून बाकीचं जग अशी सांघिक स्पर्धा, बरोबरीत सुटला होता. अमेरिकेचा टायगर वुड्स आणि दक्षिण आफ्रिकेचा एर्नी एल्स अंधार पडेपर्यंत जादा होल खेळत राहिले आणि शेवटी दोन्ही संघांनी कप वाटून घेतला. ही गोष्ट त्याने मला किमान दहा वेळा सांगितली असेल. पण ते कोर्स अवघड म्हणतात. या गुडघ्याला झेपेल का?

तिसरं म्हणजे वहिनी माळकरी आहे. वाइन तर सोडाच, कांदा-लसूणही एकादशीला नाही. आम्ही दोघं आपापल्या नादात आणि ती हॉटेलात बसून, असं मला अजिबात होऊ द्यायचं नाहीये. माझी बायको तिच्या सोबत असेल, पण दोघींना तिकडची भाषा, रस्ते, सगळंच नवं. त्यांच्यासाठी काय करता येईल?

आणि गाडी. मी इकडे रोज पिकअप चालवतो, रस्त्याची भीती नाही. पण वाइनरीत चव घ्यायची आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसायचं हे मला पटत नाही. तिथे लोक काय करतात?

जाणकारांनी मनमोकळं लिहा. खर्चाचा आकडा नाही दिलात तरी चालेल, काय गाळायचं ते आधी सांगा.

प्रतिसाद:

दादा, आम्ही केपटाऊनजवळ सॉमरसेट वेस्टला तीन वर्षं राहिलो, म्हणून थोडं अधिकाराने लिहिते. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा घ्या, बिनधास्त. केपटाऊनला पाऊस लागतो हे खरं, पण सलग आठवडाभर नाही. मधले दोन-तीन दिवस असे लख्ख निघतात की टेबल माउंटनची कडन् कड दिसते. आणि जसजसे पूर्वेला जाल तसा हिवाळ्याच्या पावसाचा जोर ओसरतो. जॉर्ज-नाइज्नाकडे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, तिथे ऋतू बघून फार फरक पडत नाही. फक्त दिवस लहान असतो. साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा खेळ सुरू करायची वेळ (टी टाइम) दुपारची घेऊ नका, सकाळीच खेळा.

तुमच्या वहिनींसाठी तर हाच महिना. जून ते नोव्हेंबर सदर्न राइट जातीचे देवमासे पिल्लं घालायला हर्मानसच्या उपसागरात येतात. बोटीत बसायची गरज नाही. कड्यावरून गावाला लागून पायवाट आहे, बाकं आहेत. माझ्या सासूबाई सकाळी थर्मासमध्ये चहा घेऊन जायच्या आणि जेवायलाही उठायच्या नाहीत. काळी पाठ वर येते, फुत्कार ऐकू येतो, मग शेजारी छोटी पाठ. हर्मानसला दोन रात्री द्याच. तिथलं गोल्फ क्लब गावातच आहे, सत्तावीस होलचं. तुमचे दादा तिथे खेळतील, दोघी जावा कड्यावर. केपटाऊनकडून येताना गॉर्डन्स बेवरून समुद्राच्या कडेचा रस्ता घ्या, एन-टू नको. वाटेत बेट्टीज बेला पेंग्विन आहेत.

शाकाहाराचं म्हणाल तर केपटाऊनमध्ये भारतीय जेवण सहज मिळतं, पुढे लहान गावांत मिळत नाही. हर्मानसपासून पुढे स्वयंपाकघर असलेली घरं घ्या. डाळ-तांदूळ सुपरमार्केटमध्ये मिळतात, कुकर मात्र घरून न्या.

वाइन आणि गाडी: तिथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे, आपल्याकडची ०.०३. पण मर्यादेच्या गणितात पडूच नका. स्टेलनबॉशजवळच्या फ्रान्शुकला वाइनरींमधून फिरणारी वाइन ट्राम आहे, दिवसभर चढा-उतरा. स्टेलनबॉशच्या दिवशी ड्रायव्हर ठेवा. आणि चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात कुणाला काही वाटत नाही.

प्रतिसाद:

मी गोल्फपुरतं लिहितो. फॅनकोर्टमध्ये तीन कोर्स आहेत: मॉन्टागू, औटेनिक्वा आणि लिंक्स. तिन्ही मुळात दक्षिण आफ्रिकेचा गोल्फपटू गॅरी प्लेअर याने आखलेली. लिंक्स बघायला जरूर न्या, पण आठ महिन्यांच्या गुडघ्याने खेळायचं ते औटेनिक्वा. लिंक्सवर जमीन मुद्दाम उंचसखल रचलेली आहे, उतारावर पाय तिरका पडतो, आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला चेंडू मारण्यापेक्षा तेच जास्त लागतं. मॉसेल बेचं पिनॅकल पॉइंट कड्यावर आहे, दृश्य असं की हातातली क्लब विसरावी, पण तेही चढ-उताराचं. तिथे नऊच होल खेळा. त्या कड्याखालच्या गुहांमध्ये सुमारे १,६४,००० वर्षांपूर्वी माणसं शिंपले खात होती याचे पुरावे सापडलेत, ते वहिनींना आणि तुम्हाला बघता येईल. नाइज्नाला सिमोला आणि पेझुला आहेत. माझं मत विचाराल तर नाइज्नाला गोल्फ नकोच, खाडीकाठी नुसतं बसा. तीन कोर्स पुरेत.

गोल्फची बॅग विमानात नेण्याआधी विमान कंपनीचे नियम बघा, खेळाच्या सामानाला वेगळं बुकिंग लागू शकतं. मुंबईहून केपटाऊनला थेट विमान नाही, मध्ये बदलावं लागतंच. आणि नाइज्नाहून केपटाऊनला परत येऊ नका. जॉर्जला विमानतळ आहे, तिथून जोहान्सबर्ग करून घरी. दोन दिवस वाचतील.

धागाकर्ता:

ताई आणि गोल्फचं लिहिणारे दादा, दोघांचेही मनापासून आभार. देवमाशाचं वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पिल्लं घालायला येतात, तर आपण आवाज न करता बसायचं."

हिवाळ्याची मला जी खंत होती तीही गेली. तोडणी नाही बघायला मिळाली तरी तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये छाटणी चालते, आणि मला खरं तर छाटणीच बघायचीय. आपल्याकडे प्रत्येक वेल तारेवर, खाली ठिबक. तिकडे जुन्या शेनिनच्या बागा मांडवाशिवाय, नुसत्या झुडपासारख्या जमिनीवर उभ्या असतात. पस्तीस वर्षांच्या पुढच्या बागांना तिथे वारसा म्हणून प्रमाणपत्र मिळतं आणि बाटलीवर लागवडीचं वर्ष छापतात. आमच्याकडे वीस वर्षांची बाग म्हणजे म्हातारी, उत्पन्न घटलं की जेसीबी. शेनिनची जगातली सगळ्यात जास्त लागवड आज दक्षिण आफ्रिकेत आहे, फ्रान्सपेक्षाही. त्या वेलीच्या ओलांड्याऐवजी (तारेवरच्या आडव्या फांदीऐवजी) नुसत्या खोडावर किती डोळे, म्हणजे फुटवे येणारे कोंब, ठेवतात, हे मला एखाद्या छाटणीवाल्याच्या शेजारी उभं राहून बघायचंय. स्टेलनबॉशजवळ बागेत आत सोडणारी, नुसती टेबलावर ग्लास न मांडणारी जागा कुणाला माहीत असेल तर कळवा. लावायला काडी मागणार नाही, परवान्याशिवाय आणता येत नाही हे माहीत आहे, आणि परत येताना बूटही धुऊनच बागेत पाऊल टाकीन.

फॅनकोर्टचं औटेनिक्वा दादाला सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, लिंक्सच्या पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागी, नुसतं उभं राहू देतील का, तेवढं विचार. तर तेवढं कुणी सांगू शकेल का?

तिकिटं १८ ऑगस्टची बघतोय, ३१ ला परत. गोडी छाटणीनंतर काडीला लावायच्या पेस्टचं सामान आधीच आणून ठेवतो. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटसाठी सोमवारी पेठ रोडला आरटीओत जाणार आहे.