आईचा वरचा माळा किरायाने द्यावा, आपणच राहायला जावं, की बेसाला फ्लॅट घ्यावा?

नंदनवनची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचाच आहे, पण घरात काढला की भांडण होतं, म्हणून इथे विचारते.

नागपुरात नंदनवनला आमचं दोन माळ्यांचं घर आहे. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासचा, म्हणजे शहराच्या विकासाच्या सरकारी संस्थेचा, लीजवरचा. बाबांनी आधी खालचा माळा बांधला, मग भावाचं लग्न ठरलं तेव्हा वरचा. भाऊ-वहिनी बंगळुरूला गेले, बाबा मागच्या वर्षी गेले. आता खाली आई एकटी आणि वर हॉल, किचन, दोन खोल्या बंद. वर कोणाचा पाय वाजत नाही म्हणून तिला झोप येत नाही, आणि किरायेदार ठेवू म्हटलं तर होती नव्हती ती झोपही उडते. तिच्या माहेरी, जुन्या नागपुरातल्या महाल भागात, वाडा होता. त्यात अठरा रुपये किराया देणारं बिऱ्हाड दोन पिढ्या हललं नाही, आजोबा कोर्टाच्या चकरा मारून थकले. ते ऐकतच ती मोठी झाली.

मी, नवरा आणि तिसरीतली मुलगी मनीषनगरला किरायाने राहतो. टू बीएचके, १४ हजार. नवरा बुटीबोरीला, कंपनीची बस वर्धा रोडवरून मिळते. माझी शाळा खामल्याला. घरमालक दरवर्षी थोडा वाढवतो, पण माणूस बरा आहे, नळ गळला तर दुसऱ्या दिवशी प्लंबर पाठवतो.

सासूबाईंचं म्हणणं, किराया म्हणजे नाल्यात टाकलेले पैसे, त्यापेक्षा हप्ता भरा. बेसाला ४८ लाखांचा फ्लॅट पाहिला, बांधकाम अजून चालू आहे. हातात दहा लाखांच्या आसपास आहेत. मामा म्हणतात, कशाला फ्लॅट, वर राहायला जा, फुकट. नवऱ्याला घरजावई म्हणवून घ्यायचं नाही. भाऊ काहीच बोलत नाही. वहिनीने मात्र फोनवर विचारलं, "ताई, तुम्ही वर राहायला आलात तर लाइट बिल वेगळं येईल ना?" त्यातलं काय समजायचं ते मी समजले.

वरच्या माळ्याचे ११ हजार येतील असं शेजारच्या काकांचं मत आहे. तुम्ही काय कराल?

हप्ता_बहाद्दर

घेऊन टाका फ्लॅट. भाव काही खाली येत नाहीत. दहा वर्षांपूर्वी बेसाला कोणी जात नव्हतं, आज पाहा.

प्रतापनगरच्या_काकू

बाई, आधी आईचं. तिची भीती कुठून आली ते मला चांगलं माहीत आहे. आपल्या विदर्भात १९४९ चा सी.पी. अँड बेरारचा, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचा, घरकिराया आदेश चालायचा. किरायेदाराला घर सोड म्हणून नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. मग त्यावर अपील, त्यावर आणखी काही. महाल-इतवारीतले कितीतरी वाडे त्यातच अडकले आणि पडले. तो आदेश गेला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहायचा परवाना देण्याची, वेगळी वाट आहे. मुदत संपली आणि माणूस निघाला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तो जेवढे दिवस बसून राहील तेवढ्याचा किराया दुप्पट लागतो. आईला एवढं एक सांगा. पुढचं तिला ऐकायचं नसतं.

पण करार नोंदणीकृत पाहिजे. इथे अजून लोक नुसत्या स्टँपपेपरवर नोटरी करून मोकळे होतात. ११ महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, हा गैरसमज तर सगळीकडे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबद्दल वाद झाला की किरायेदार म्हणेल ते खरं धरतात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय दंड ५ हजारांपर्यंत नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि खर्च किती? ११ हजार किराया, २२ हजार डिपॉझिट, ११ महिने धरले तर मुद्रांक शुल्क तीनशेच्या घरात आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार. घरी मशीन घेऊन येणारा एजंट वरून आपले घेतो ते वेगळे. आईला कुठे जावं लागत नाही, अंगठा घरीच होतो. पोलिसांकडे किरायेदाराची माहिती ऑनलाइन भरता येते, तीही भरा.

त्याच्याही आधी एक बघा. घर कोणाच्या नावावर आहे? बाबांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर आई, भाऊ आणि तुम्ही तिघंही सारखे वारस. प्रन्यासच्या रेकॉर्डला नामांतर करून घ्या. ते होईपर्यंत करारावर भावाची सही, नाहीतर निदान त्याची लेखी संमती. तुमच्या वहिनीने लाइट बिल विचारलं, तिला हिस्सा विचारायचा होता.

आता खरं सांगते. कागद सोपा आहे. मी प्रतापनगरला आमचा वरचा माळा बऱ्याच वर्षांपासून देऊन राहिली आहे. हिंगणा एमआयडीसीतले इंजिनियर झाले, मेडिकलमधल्या सिस्टर झाल्या, आता एक बँकवालं जोडपं आहे. कागदावरून कोणाशी वाद झाला नाही. वाद झाले ते कूलरवरून.

हसू नका. नागपुरात वरचा माळा म्हणजे वर नुसता स्लॅब. मे महिन्यात रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर गरम. किरायेदार दोन कूलर लावणार, एक हॉलला, एक बेडरूमला. मग स्टँड कुठे ठोकायचं? टपकणारं पाणी खालच्या खिडकीवर येतं, भिंतीला ओल धरते. आणि पाणी! डेझर्ट कूलर भरायला लागले की खालची टाकी दुपारी खडखडीत. मोटर कोणी सुरू करायची, किती वेळा, हे ठरलेलं नसेल तर तुमची आई रोज दुपारी जिना चढून वर जाणार, "अहो, नळ चालू राहिला का?" म्हणून. म्हणून वरची टाकी वेगळी करा, तिला व्हॉल्व्ह वेगळा, स्टँडच्या जागा तुम्हीच आधी ठरवून लोखंडी बसवून द्या. गच्चीवर पांढरा कोट मारून घ्या मार्चच्या आत. त्याने फरक पडतो, आणि किराया मागताना तोंड उघडता येतं.

मीटर वेगळं घ्याच. महावितरणचं बिल टप्प्यांनी वाढतं, एका मीटरवर दोन घरं चालली की शंभर युनिटचा स्वस्त टप्पा चटकन संपतो आणि दोघांनाही महाग पडतं. सब-मीटर लावून हिशोब करणारे लोक आहेत. त्यांच्याकडे दर महिन्याच्या पाच तारखेला तोंडं वाकडी असतात.

गच्चीचंही लिहून ठेवा. आई वाळवण घालते ना? पापड, कुरडया वाळत असताना वरच्यांच्या पोरांचं क्रिकेट चालत नाही. आमच्या करारात लिहिलं आहे, एप्रिल-मे सकाळी गच्ची मालकिणीची. वकील हसला होता.

आणि माणसं बघून द्या. ११ च्या ऐवजी १० आले तरी चालतील, पण आई एकटी आहे हे ज्यांना चालेल, रात्री दार वाजवलं तर उठतील, असे लोक. मी जात विचारत नाही. पगार कुठून येतो, आधीचं घर का सोडलं आणि गाड्या किती, एवढं विचारते. आधीच्या घरमालकाला फोन करते. तिथेच सगळं कळतं.

राहायला जाण्याबद्दल: गेलात तर फुकट जाऊ नका. आईला बँकेतून किराया द्या, करार करा. घरात तुमचाही हिस्सा आहे, म्हणून किराया नवऱ्याने द्यावा; तो जुन्या कर पद्धतीत असेल तर त्याला एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्यावरची, करसूट मिळते, सासूला दिलेला किरायाही चालतो, फक्त व्यवहार खरा पाहिजे. भावाला दर महिन्याला आकडा दिसतो, वहिनीला विचारावं लागत नाही. पण माझं ऐकाल तर जाऊ नका. नंदनवनहून रोज वर्धा रोडची बस पकडायची, परत मुलीची शाळा बदलायची. तुमचा नवरा आधीच "घरजावई" ऐकायला तयार नाही, त्यात पहाटे पाचला उठवाल.

हिशोबी_माणूस

काकूंनी घराचं सांगितलं, मी बेसाच्या फ्लॅटचा हिशोब मांडतो.

४८ मधले १० तुम्ही घालणार, ३८ लाख कर्ज. साडेआठ टक्के, २० वर्षं धरा, हप्ता ३३ हजारांच्या आसपास. पहिल्या वर्षी तुम्ही जवळपास चार लाख भराल, त्यातले सव्वातीन लाखांच्या जवळ नुसतं व्याज. म्हणजे सासूबाईंच्या भाषेत नाल्यात किराया वर्षाला १ लाख ६८ हजार जातो, आणि हप्त्यातलं व्याज त्याच्या जवळपास दुप्पट. नाला बदलला, एवढंच. नंतरच्या वर्षांत मुद्दल वाढत जातं हे खरं, आणि तुमचा किरायाही वाढत जाणार हेही खरं. पण पहिली सात-आठ वर्षं हे असंच.

४८ वर लोक थांबत नाहीत. बांधकाम चालू आहे म्हणजे जीएसटी. ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का, वर गेलं की ५. तुमचे ४८ आहेत, म्हणजे २ लाख ४० हजार. बिल्डरला ४५ च्या आत आणता येतं का बघा, खरा भाव कमी करून, रोखीने नाही. त्यावर मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी. एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट मिळते. म्हणजे तुमचे दहा लाख पूर्ण फ्लॅटमध्ये जाणारच नाहीत, अर्धे तिथेच संपतील. मग कर्ज वाढवा किंवा सोनं ठेवा.

नवीन कर पद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर काही सूट नाही. "टॅक्स वाचतो" म्हणून घेणाऱ्यांनी हे आधी बघावं.

उलट बाजू. १४ हजारांचा किराया ४८ लाखांवर साडेतीन टक्के पडतो. घरमालक तुम्हाला साडेतीन टक्क्यांनी त्याचं घर वापरू देतोय आणि प्लंबरही पाठवतोय. १९ हजारांचा फरक दर महिन्याला बाजूला टाकायची शिस्त असेल तर किरायाने राहणं घाट्याचं नाही. शिस्त नसेल तर हप्ता बरा, तो निदान जबरदस्तीने वाचवायला लावतो. हे कोणी कोणाला सांगू शकत नाही, ज्याचं त्याला माहीत असतं.

आईच्या ११ हजारांबद्दल: ते तिचे. तुमच्या हप्त्याला जोडू नका. कर आकारणीत किरायातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के सूट मिळते. बाबांची फॅमिली पेन्शन असेल तरी बहुतेक तिला कर लागणार नाही.

डागा_लेआउटचा_जुना_किरायेदार

हप्ता_बहाद्दर साहेबांसाठी. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला त्या पहाटे आम्ही डागा लेआउटमध्ये तळमाळ्यावर होतो. कमरेएवढं पाणी. फ्रिज, गादी, पोरांची पुस्तकं गेली. आम्ही महिन्याच्या आत दुसरीकडे दुसऱ्या माळ्यावर गेलो. घरमालक अजून तिथेच आहे, त्याने उंबऱ्याला वीटकाम करून घेतलं, भिंतींना परत प्लास्टर केलं, आणि दर पावसाळ्यात नाल्याकडे पाहत बसतो. तेव्हा प्लॉट घेताना उताराचं आणि नाल्याचं कोणी विचारलं नव्हतं. बेसाला घेणार असाल तर पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा जाऊन या. मेमध्ये टँकर उभा दिसतो का तेही पाहा. तो भाग एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीतला, म्हणून मंजूर नकाशा आणि महारेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्प नोंदणीचा, नंबर दोन्ही स्वतः तपासा, ब्रोशरवरून नाही.

काकूंना नमस्कार. जात न विचारणारी घरमालकीण आम्हाला उशिरा भेटली, पण भेटली. त्याआधी "तुम्ही नॉनव्हेज खाता का" हा प्रश्न आडनावानंतर लगेच यायचा.

हप्ता_बहाद्दर

अहो पण शेवटी स्वतःचं ते स्वतःचं. भिंतीला खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारा.

प्रतापनगरच्या_काकू

खिळा ठोकू द्यावा हो. मी देते. जाताना बुजवून घेते. एका खिळ्यासाठी ३३ हजारांचा हप्ता?

नंदनवनची_लेक

सगळ्यांचे आभार. काकू, तुमचं कूलर आणि गच्चीचं आईला वाचून दाखवलं. कायद्याच्या भागाला ती नुसती "हं" म्हणाली. गच्चीचं आलं तसा चष्मा मागितला आणि स्वतः परत वाचलं. मग विचारते, "एप्रिल-मेच का? कुरडयांना मार्चही लागतो."

काल भावाशी फोनवर सरळ बोलले. घर अजून बाबांच्याच नावावर आहे, मृत्युपत्र नाही. तो दिवाळीत येतोय, तेव्हा तिघांनी मिळून प्रन्यासमध्ये नामांतराचा अर्ज करायचं ठरलं. करारावर सही करायला तो तयार आहे. वरचा किराया आईच्याच खात्यात जाईल हे मीच आधी बोलले, त्यावर वहिनी मागून म्हणाली, "बरोबर आहे." इतकं गोड ती बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती.

बेसाचा बिल्डर ४५ च्या आत यायला तयार आहे, पण वरचे रोख मागतो. म्हणून तो विषय बंद. आम्ही मनीषनगरलाच राहतो. सासूबाईंना व्याजाचा आकडा सांगितला, त्यांनी पेपर वाचायला घेतला.

आता दोन कामं. नंदनवन-सक्करदरा भागात गच्चीला पांढरा कोट नीट मारणारं कोणी माहीत आहे का? आणि काकू, वरची टाकी ५०० लिटरची पुरेल की हजारची बसवू? एक सिस्टर आणि तिचा नवरा घर पाहून गेलेत, लहान बाळ आहे. आईने त्यांना चहा दिला. किरायाचं काही बोलली नाही, पण बाळाचं नाव मला दोनदा सांगितलं.