मदत हवी आहे: क्लच दाबला की किरकिर, ग्रीस नेमकं कुठे लावायचं?

नमस्कार मंडळी. माझी डिझेल पिकअप आहे, केबलचा क्लच. भाजी भरून पाटणहून कुंभार्ली घाटातून चिपळूणला जातो. 3 महिन्यांपूर्वी क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलला. आता पेडल दाबलं की खालून कोरडी किरकिर येते, सोडलं की थांबते. पेडलच्या पिनला ग्रीस लावून पाहिलं, केबलही नवीन टाकली. फरक नाही.

मिस्त्री म्हणतात, बसवताना आत ग्रीस लावायचं राहिलं असणार, गिअरबॉक्स उतरवू. रविवारी उतरवतोय. भीती एकच: जास्त ग्रीस उडून प्लेटला लागलं तर क्लच स्लिप होईल, आणि भरल्या गाडीनं घाटात ते परवडणारं नाही.

फोर्कच्या (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याच्या) टेकूला आणि इनपुट शाफ्टच्या (क्लचप्लेट ज्यावर बसते त्या गिअरबॉक्सच्या दांड्याच्या) दात्यांना अगदी पातळ थर द्यायचा, जादा पुसून काढायचं, एवढं माहीत आहे. रिलीज बेअरिंग सीलबंद असतं, ते डिझेलनं धुवायचं नाही, हेही. पण ते ज्या नळीवर सरकतं, तिला ग्रीस लावायचं का? आणि साधं लिथियम ग्रीस उष्णतेत टिकेल, की मॉलिब्डेनमवालंच आणू? स्वतः हे काम केलेल्यांनी कृपया शनिवारपर्यंत सांगा.