ओआरएसमध्ये ग्लुकोज कशाला? नुसतं मीठ-पाणी का चालत नाही?

अकरावी_सायन्स: बायोलॉजीत सध्या पेशीपटल चालू आहे, विसरण परासरण सगळं पाठ झालंय पण एक गोष्ट डोक्यात बसत नाहीये. जुलाबात पाणी आणि मीठ जातं ना, मग ओआरएसमध्ये ग्लुकोज कशाला? ताकदीसाठी का? आणि परासरणाने पाणी जास्त विरघळलेल्या बाजूला जातं म्हणतात, मग आतड्यात साखर टाकली तर पाणी उलट आतड्यातच खेचलं जाईल की.

फिजिओ_दादा: ताकदीसाठी नाही रे. पेशीपटल मेदाचं असतं, त्यातून सोडियम पण आरपार जात नाही आणि ग्लुकोज पण नाही, प्रोटीनचं दार लागतं. लहान आतड्यात एसजीएलटी-१ नावाचं प्रोटीन आहे ते 2 सोडियम आणि 1 ग्लुकोज असे जोडीनेच आत घेतं. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला पंप असतो, तो एटीपी (पेशीचं इंधन) खर्च करून 3 सोडियम बाहेर टाकतो 2 पोटॅशियम आत घेतो, म्हणून पेशीत सोडियम कायम कमी आणि त्यामुळेच ते आतड्यातून आत यायला बघतं, येताना ग्लुकोजला घेऊन येतं. दोन्ही पुढे रक्ताकडे गेले की मागोमाग पाणी. आता खरी गंमत, कॉलऱ्याच्या विषाने पेशीतून क्लोराईड बाहेर वाहायला लागतं आणि मीठ शोषायचा नेहमीचा रस्ता बंद पडतो, पण एसजीएलटी-१ चालूच राहतं!! म्हणून नुसतं मीठ-पाणी पुरत नाही.

नर्सताई: तुझी दुसरी शंका अगदी बरोबर आहे बाळा, साखर जास्त झाली तर तसंच होतं. कोल्ड्रिंक, पॅकेटचा ज्यूस देऊन जुलाब वाढतात ते यामुळेच. 2002 साली डब्ल्यूएचओने फॉर्म्युला बदलला तो पण हेच बघून, विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण लिटरला 311 चं 245 मिलिऑस्मोल केलं, आता लिटरला सोडियम 75 आणि ग्लुकोजही 75 मिलिमोल. लोकं एक लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात कालवून देतात, कृपा करून असं करू नका, पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी मोजून घ्या. पुडी नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेलं पाणी, 6 सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचे चहाचे.

इतिहासवेडा: हे सोडियम-ग्लुकोजच्या जोडीचं गणित अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्रागला मांडलं. 1971 ला बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी नातेवाईकांच्याच हातात दिलं पाजायला. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. या माणसाला पद्मविभूषण मिळालं 2023 मध्ये, मरणोत्तर, मला तरी फार वाईट वाटतं.

अकरावी_सायन्स: भारी, आता पंपाचं पण कळलं. मग ओआरएसने जुलाब थांबतात का?

नर्सताई: लगेच नाही थांबत, आणि म्हणूनच आया दुसऱ्या दिवशी द्यायचं बंद करतात. जुलाब चालू असले तरी पाणी शोषलं जातंच, प्रत्येक जुलाबानंतर पाजत राहायचं, लहान मुलांना सोबत झिंक 14 दिवस. मूल सुस्त पडलं, पीतच नसेल किंवा लघवी होत नसेल तर मात्र घरी थांबू नका, सरळ दवाखाना.