ट्राउट सोडलेल्या छोट्या तळ्यात पहिल्यांदा गरवताना नेमके काय चुकते?

खाडीकाठचा

नमस्कार. माझे बालपण मालवणजवळच्या एका खाडीच्या काठी गेले, त्यामुळे गरवणे हा प्रकार मला नवा नाही. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, हातावर गुंडाळून, टोकाला शिसे आणि गरीला कोळंबीचा तुकडा लावून आम्ही शेंगाळे, पालू आणि नशीब जोरावर असेल तर एखादी तांबोशी काढत असू. गेली काही वर्षे मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ओक ट्री रोडवरच्या दुकानांपासून गाडीने काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या रूझवेल्ट पार्कच्या तळ्यात राज्याचा मत्स्यविभाग वसंत ऋतूत रेनबो ट्राउट सोडतो, हे मला यंदाच कळले. मी रीतसर परवाना आणि त्यासोबत लागणारा ट्राउटचा वेगळा स्टँप काढला. मुलगा ९ वर्षांचा असल्यामुळे त्याला परवाना लागत नाही.

सलग तीन शनिवार आम्ही दोघे तिथे गेलो आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतलो. माझ्याकडे ७ फुटी दणकट रॉड, २० पौंडांचा ताण सोसणारा तंगूस, बऱ्यापैकी मोठी गरी, लाल-पांढरे मोठे बूच आणि भारतीय दुकानातून आणलेली ताजी कोळंबी असा सरंजाम होता. आमच्यापासून वीस पावलांवर घडीच्या खुर्चीत बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी तेवढ्याच वेळात चार मासे काढले, आणि त्यांचे सगळे सामान एका लहानशा डब्यात मावेल इतकेच होते. मासे पाण्यावर येऊन वर्तुळे उमटवताना स्पष्ट दिसतात, परंतु आमच्या आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मुलाचा उत्साह मावळत चालला आहे, म्हणून जाणकारांनी कृपया सांगावे की आमचे काय चुकते आहे.

पहाटगरी

आपले बरेच काही चुकते आहे, पण त्यातले जवळजवळ सगळे एकाच सवयीतून आले आहे. आपण खाडीतल्या माशासाठी तयार केलेले सामान घेऊन तळ्यावर गेला आहात.

हा मासा कुठून येतो, ते आधी लक्षात घ्यावे. न्यू जर्सीतील तळ्यांत आणि ओढ्यांत सोडले जाणारे ट्राउट वॉरन काउंटीतील पेक्वेस्ट येथील सरकारी केंद्रात वाढवले जातात. तिथे दर वर्षी सुमारे ६ लाख मासे तयार होतात आणि अंड्यापासून सोडण्याजोगा मासा होईपर्यंत साधारण १८ महिने लागतात. पूर्वी तिथे ब्रूक आणि ब्राऊन ट्राउटही वाढवत असत, परंतु २०१३ मध्ये फुरुंक्युलोसिस नावाचा जिवाणूजन्य रोग आढळल्यानंतर त्याला अधिक दाद न देणाऱ्या रेनबोवरच भर देण्यात आला. म्हणजे आपल्या तळ्यातल्या माशाने जन्मापासून सिमेंटच्या लांब हौदात वाहते थंड पाणी पाहिले आहे, आणि वरून पडणाऱ्या वाटाण्याहूनही लहान गोळ्या खाल्ल्या आहेत. त्याच्यापुढे बोटाएवढी कोळंबी जाड दोरीला बांधून धरली, तर ते अन्न आहे हेच त्याला उमगत नाही. शिवाय ट्राउटची नजर तीक्ष्ण असते आणि तळ्याचे पाणी खाडीसारखे गढूळ नसते, त्यामुळे २० पौंडांचा तंगूस त्याला दोरखंडासारखा दिसत असणार.

म्हणून पहिला बदल जाडीचा करावा. ४ पौंडांची दोरी, फार तर ६, आणि ५ ते ६ फुटांचा हलका लवचिक रॉड घ्यावा. गरी १० किंवा १२ क्रमांकाची असावी. इथे आकडा जितका मोठा तितकी गरी लहान, हे नवख्यांच्या पटकन लक्षात येत नाही. एवढ्या बारीक दोरीवर मासा टिकेल का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे, पण वसंतात सोडलेला सर्वसाधारण ट्राउट दहा-अकरा इंचांचा असतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी ताणली गेल्यावर रीळ किती जोराने सुटते ते ठरवणारी चकती, दोरीच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्शावर ठेवली, तर मासा धावतो, रीळ सुटते आणि दोरी तुटत नाही. आपल्याला खाडीत हाताने दोरी सोडण्याची सवय आहेच. तेच काम इथे ती चकती करते.

आता बांधणी सांगतो. मुख्य दोरी अंड्याच्या आकाराच्या, आरपार भोक असलेल्या शिशातून ओवावी. शिसे पाव औंसाचे, म्हणजे सुमारे ७ ग्रॅमचे, पुरे. त्यानंतर एक मणी ओवून दोरीच्या टोकाला छोटे स्विव्हल, म्हणजे दोन कड्यांची फिरती जोडणी, बांधावे, आणि स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला १८ ते २४ इंचांचा बारीक तुकडा बांधून त्याच्या टोकाला गरी लावावी. यामुळे शिसे तळाशी पडून राहते आणि माशाने आमिष ओढले की दोरी शिशाच्या भोकातून सरकत जाते. माशाला वजन जाणवत नाही, म्हणून तो आमिष थुंकून टाकत नाही.

आमिष म्हणून दुकानात बरणीत मिळणारी, पाण्यात तरंगणारी कणीक घ्यावी. पॉवरबेट या नावाची सर्वांत जास्त खपते. वाटाण्याएवढी गोळी गरीभोवती अशी दाबावी की गरीचे टोकही दिसू नये. यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात. गोळी लावलेली गरी काठाशीच, पायाजवळच्या पाण्यात सोडून पाहावी. ती बुडाली तर गोळी लहान आहे किंवा गरी जड आहे. हळूहळू वर येऊन तरंगली, तरच फेकावी. तळ्याच्या बुडाशी शेवाळ आणि कुजकी पाने असतात, त्यात बुडालेली गोळी दिवसभर तशीच पडून राहते. तीन शनिवार आपली कोळंबी बहुधा त्याच गाळात होती. बूच मोठे असले आणि खालची दोरी पाण्याच्या खोलीपेक्षा लांब ठेवली, तर आमिष तळाशीच लोळते.

डेलावेअरपार

पहाटगरी यांनी सांगितलेली बांधणी उत्तम आहे, पण ९ वर्षांच्या मुलाला काठावर बसवून दोरीकडे टक लावून पाहायला सांगणे मला फारसे पटत नाही. मी नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात राहतो, आणि माझ्या मुलीला ही गोडी लागली ती फिरत्या पात्याच्या छोट्या स्पिनरमुळे. मेप्स किंवा पँथर मार्टिन यांसारखे एक-षोडशांश ते एक-अष्टमांश औंसाचे स्पिनर घ्यावे. सोनेरी आणि चंदेरी असे दोन रंग पुरतात. फेकल्यावर लगेच गुंडाळायला सुरुवात न करता मुलाला मोठ्याने आकडे मोजायला सांगावे. एकदा तीनपर्यंत, पुढच्या वेळी पाचपर्यंत, त्यापुढे सातपर्यंत मोजून मग गुंडाळावे. ज्या आकड्यावर झटका बसेल त्या खोलीवर मासे आहेत असे समजून पुढे तोच आकडा धरावा. मुलांना हा हिशेब फार आवडतो. गुंडाळण्याचा वेग पाते जेमतेम फिरत राहील इतकाच असावा. सगळे नवखे दुप्पट वेगाने गुंडाळतात, आणि मीही तेच करत असे.

दुसरे असे की, मासे सोडून किती दिवस झाले यावर सगळा डाव बदलतो. पहिले दोन-तीन दिवस हे मासे थव्याने, पृष्ठभागाजवळ, ट्रक जिथे थांबला त्या काठाच्या आसपास घोटाळत असतात, आणि चमकणारे काहीही पाहून धावतात. आठवडाभरात थवे फुटतात, निम्म्याहून अधिक मासे लोकांच्या डब्यांत गेलेले असतात, आणि उरलेले शहाणे होऊन खोल भागाकडे, किंवा जिथून ओढ्याचे वा गटाराचे पाणी तळ्यात येते त्या तोंडाशी सरकतात. तिथे मात्र कणीक आणि गांडूळ यांनाच यश येते. कोणत्या आठवड्यात कोणत्या तळ्यात मासे सोडणार, याची यादी आपल्या राज्याचा मत्स्यविभाग जाहीर करतो. तिच्यावरून शनिवार निवडावा.

आणखी एक सांगतो, रागावू नये. खाडीत लांब फेकणाऱ्याला मान असतो, पण इथे तळ्याच्या मधोमध फेकण्यात काही हशील नाही. ट्राउट काठाला समांतर फेऱ्या मारतो. वीस-तीस फुटांवर, उथळ पाणी खोल होते त्या उतरणीवर टाकावे, आणि वारा ज्या काठाकडे वाहत असेल तो काठ धरावा, कारण कीटक तिकडेच जमा होतात.

खाडीकाठचा

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. पकडलेला मासा परत सोडावा की घरी न्यावा? मुलाला पहिला मासा सोडून द्यायचा आहे. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे जुलैमध्ये, हाच प्रयोग करता येईल का?

पहाटगरी

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण पहिलीचे उत्तर त्यातूनच निघते. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो तरतरीत असतो, २१ अंशांच्या वर गेल्यावर खाणे टाकतो आणि धापा टाकू लागतो, कारण कोमट पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. (आपल्या महाराष्ट्रात ट्राउट नाही आणि काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार इथे आहे, त्याचे कारणही हेच.) एडिसनसारख्या सखल भागातील उथळ तळे जूनअखेर इतके तापते की उरलेले ट्राउट सहसा उन्हाळा काढू शकत नाहीत. त्यामुळे जुलैमध्ये तिथे जाऊन सनफिश आणि कॅटफिश गरवावेत. ट्राउटसाठी एप्रिल-मे हाच हंगाम आहे, आणि तोही शक्यतो सकाळी लवकर. काही तळ्यांत नोव्हेंबरच्या अखेरीस मोठ्या आकाराचे मासेही सोडतात, ती संधी वेगळी.

म्हणजे या तळ्यातला मासा घरी नेल्याने तिथली प्रजा घटते, असे मानण्याचे कारण नाही. तो नेण्यासाठीच सोडलेला आहे. सध्याच्या नियमांनुसार सर्वसाधारण तळ्यांत हंगामाच्या पहिल्या दिवसापासून ३१ मेपर्यंत दिवसाला ६ आणि त्यानंतर ४ मासे नेता येतात, आणि मासा किमान ९ इंचांचा असावा लागतो. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून चालू वर्षाची पुस्तिका पाहूनच निघावे.

मुलाला मासा सोडायचाच असेल तर एक पथ्य पाळावे लागेल. कणकेची गोळी ट्राउट अन्न समजून थेट गिळतो, त्यामुळे गरी घशात रुतते आणि असा मासा सोडला तरी पुष्कळदा जगत नाही. म्हणून सोडायच्या दिवशी स्पिनर वापरावा, कारण तो बहुधा ओठात अडकतो. त्याच्या तिहेरी गरीच्या टोकांमागचे उलटे काटे पक्कडीने आधीच दाबून ठेवावेत. मासा हाताळण्यापूर्वी हात ओले करावेत, नाहीतर अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. गरी खोल गेलीच तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापावी, आणि नियमात बसत असेल तर तो मासा ठेवून घेणेच योग्य.

चुलीपाशी

मी गरवत नाही. माझे यजमान गरवतात आणि निस्तरते मी, म्हणून एवढेच सांगते की मासा नेणार असाल तर बर्फाचा डबा घेतल्याशिवाय घरातून निघू नये. पापलेट-सुरमईच्या मानाने ट्राउट फार नाजूक असतो, आणि साखळीला अडकवून दोन तास उन्हात कोमट पाण्यात लोंबकळत ठेवला की मांस पिठूळ होते. काठावरच पोट साफ करता आले नाही, तर निदान मारून लगेच बर्फात ठेवावा. खवले इतके बारीक असतात की खरवडण्याची गरज नाही. पाठीच्या कण्याला लागून आतून एक काळपट लाल पट्टी असते, ती अंगठ्याच्या नखाने खरवडून वाहत्या पाण्याखाली धुवावी, नाहीतर चव कडवट येते.

तळ्यातल्या माशाला थोडा मातकट वास असतो. त्यावर आपले कोकमाचे आगळ, हळद आणि मीठ अर्धा तास लावून ठेवणे हा उत्तम उपाय आहे. मग तांदळाचे पीठ आणि रवा लावून अख्खाच तव्यावर टाकावा. मालवणी मसाला हात राखून घालावा, कारण मांस मुळात सौम्य असते.

खाडीकाठचा

काल सकाळी सात वाजता पोहोचलो. ४ पौंडांची दोरी आणि १२ क्रमांकाची गरी पाहून माझा मलाच विश्वास बसत नव्हता. पहिली गोळी पायाजवळ सोडून पाहिली तर ती खरोखरच बुडाली. थोडी कणीक वाढवली तेव्हा ती डुलत वर आली, आणि मुलाला ते इतके आवडले की त्याने तीच चाचणी पाच वेळा केली. माझ्या दोरीला साडेआठच्या सुमारास दोन मासे लागले. पहिल्या वेळी दोरी सरकू लागताच खाडीच्या सवयीने मी असा हिसका दिला की दोरीच तुटली आणि मासा गेला. दुसरा मासा मात्र हाती आला.

मुलाने स्पिनर घेऊन आकडे मोजण्याचा सपाटा लावला होता. पाचवर काही नाही, सातवर काही नाही, चारवर झटका बसला. मासा जाळीत आल्यावर त्याच्या कुशीवरचा गुलाबी पट्टा पाहून तो बराच वेळ गप्प राहिला. हात ओले करून त्याने मासा सोडला, आणि लगेच मला विचारले की बाबा, तुमचा ठेवणार आहात ना, कारण आजीने आगळ काढून ठेवले आहे.