आधी इन-ऑफ, मग कॅनन

बिलियर्ड्स क्लबातल्या जुन्या मेंबरांचा हात, म्हणजे फटक्याचं कसब, त्यांच्याबरोबरच जातो, शिकवून येत नाही, असं कुणीतरी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. बिलियर्ड्सचे जगज्जेते पंकज अडवाणी बंगळुरूत प्रशिक्षक अरविंद सवूर यांच्या हाताखालीच घडले ना! चुकतो तो शिकवण्याचा क्रम. आपल्या बेळगावात स्नूकरवरून आलेली पोरं थेट कॅननच्या (एकाच फटक्यात आपला बॉल दुसऱ्या दोन्ही बॉलना लावायच्या) मागे लागतात. त्यांना आधी 'डी'तून (टेबलाच्या खालच्या टोकाकडच्या अर्धवर्तुळातून) मधल्या खिशात इन-ऑफ मारायला लावा, म्हणजे आपला पांढरा लालला लागून खिशात गेला पाहिजे. क्यूचा नेम लाल बॉलच्या बरोबर कडेवर, म्हणजे हाफ-बॉल. पांढरा साधारण 33 अंशांनी वळतो. गुण 3 मिळतात, पण खरी विद्या वेगात आहे. लाल वरच्या कुशनला ('डी'समोरच्या टोकाच्या कडेला) लागून परत मध्यावर यायला हवा, तरच पुढचा फटका तसाच मिळतो. जोर जास्त झाला की कोन रुंदावतो आणि पांढरा खिशाच्या कडेवर आपटतो.

टेबलाची निगाही शिकवाच. इथल्या पावसाळ्यात कापड दमट होतं, नेहमीच्या वेगाने मारलेला लाल अलीकडेच थांबतो. ब्रश आणि इस्त्री कायम 'डी'कडून वरच्या कुशनकडे, उलट कधीच नाही. हे पोरांकडूनच करून घ्या, कापडाची लव कुठल्या दिशेला आहे ते हातालाच कळतं.