मदत हवी आहे : अमेरिकेतल्या ज्यू निर्वासितांच्या चार कथांची तुलना

कथा या : मॅलमूडची ‘द जर्मन रेफ्यूजी’, रॉथची ‘ईलाय, द फनॅटिक’, सिंगरची ‘द कॅफेटेरिया’ आणि ओझिकची ‘रोझा’. निबंधाची शब्दमर्यादा 3000, चारही इंग्रजीतूनच वाचल्या आहेत.

आधी ‘छळाच्या आठवणी’ या सूत्रावर मांडणी केली, ती फसली. मॅलमूडचा ऑस्कर गासनर 1939च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीशी झगडतोय, छळछावणी त्याच्या वाट्याला आलेली नाही. सिंगरची एस्थर रशियन छावण्यांतून आलेली. रोझा मात्र नाझी छावणीतून वाचलेली आहे. सगळ्यांना एकाच ‘वाचलेले’ या शब्दात कोंबलं की फरकच पुसला जातो.

प्रकाशनवर्षांच्या क्रमानेही पाहिलं, पण हाती फक्त यादी लागली.

आता भाषा हा धागा धरलाय. गासनरची जर्मन त्याला नकोशी झालीय. रोझा मेलेल्या मुलीला पोलिशमध्ये पत्रं लिहिते आणि यिडिशला (पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीला) तुच्छ लेखते. एस्थरचं बोलणं मात्र मुळात यिडिश कथेच्या इंग्रजी अनुवादातून येतं, म्हणून तिच्या वाक्यरचनेवर बोट ठेवायला धीर होत नाही. ‘ईलाय’मध्ये तर दृष्टिकोनच अमेरिकेत रुळलेल्या ज्यू वकिलाचा, तिथे बोलतो तो निर्वासिताचा काळा सूट. (माझ्या मते चारांत हीच सर्वांत धारदार.)

संदर्भग्रंथांची यादी नको, मांडणीबद्दल मत हवंय. अनुवादित कथा भाषेच्या तुलनेत ठेवायची असेल तर वाक्यरचना सोडून नेमकं काय तपासावं? आणि ‘ईलाय’मधली वेशभूषा भाषेच्या जागी धरली तर ते ओढूनताणून वाटेल का?